करकोचे उठले आन् बोलणं राहिलं

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा, पाखरं बघायला जायचं म्हंजे काय वऱ्हाड न्यायचंय का? जीप काय, डबे काय, पाण्याचा जार काय, सतरंजी काय, लोड काय... लोड! नदीकाठी टेकून बसायला लोड! आन् वरून ती गाण्याची वाजणारी डबी. आरं बाबा, पाखरापुढं गाणी लावायला निघाला व्हता हा माणूस! कोण म्हणून काय विचारता? मन्मथअप्पा! सेलूचा! मोंढ्याच्या तोंडाला साड्यांचं दुकान हाय बघा, तुमी पायरीवर पाय ठिवायच्या आधीच आतून आवाज येतो, "शरणार्थ, शरणार्थ! या, बसा, कोणाचं लगीन काढलं, नवरदेव काय करतो, पाहुणे कुठले, आरं ते तर आमच्या साडूचे शेजारी!"... तोच तो. गिऱ्हाईक बिचारं दस्ती, म्हंजे हातरुमाल, घ्यायला आलेलं आसतंय, ते आक्खा बस्ता बांधूनच बाहीर पडतंय. का? तर बोलण्यात फट सापडत न्हाई, उठावं तरी कवा!

तुमाला सांगतो, माणूस वाईट न्हाई हो. लाखात एक. कुणाच्या घरी मौत झाली की सगळ्यात आधी पोचणार, पण तितंबी ज्याचा बाप मेला त्यालाच आपल्या बापाच्या मरणाची गोष्ट सांगत बसणार, आन् ते लेकरू आपलं दुःख बाजूला ठिवून 'आरेरे अप्पा' करत बसणार. झोपेत बोलतो, जेवताना बोलतो, दाढी करताना बोलतो म्हणून गालावर कायम कापूस. गप बसंल तर तो मन्मथअप्पा कसला!

आन् त्याची बायको गौराबाई. आता ह्या बाईचा आवाज, मी खरं सांगतो, सेलूत कुणाच्या ध्यानात न्हाई. सकाळी उठायचं, शिवपूजा करायची, चुलीला... म्हंजे आता गॅसला लागायचं, आन् 'व्हय', 'न्हाई', 'वाढू का' यावर जिंदगी काढायची. लोक म्हणायचे, काय गरीब बाई हाय, तोंडातून शब्द न्हाई! आवो, यावा कसा? माणसाला बोलायला समोरच्याच्या दोन वाक्यांच्या मधी जागा लागती ना? गौराबाई म्हणणार, "आवो, पीठ संपत आलंय..." की ह्यानं झेललंच, "पीठ! पिठावरून आठवलं, त्या गिरणीवाल्याच्या पोराची सोयरीक..." गेलं! पीठ गेलं, गिरणी गेली, सोयरीक मोडून दुसरी जमली तरी हा चालूच. शेवटी त्या बाई डबा उचलून आपल्या आपण दळायला जायच्या.

आता पाखरांचं ऐका. गौराबाईंचं माहेर गंगेच्या काठचं. गोदावरीला आपल्याकडं गंगाच म्हणतेत, तुमाला ठाऊक हाय. त्यांच्या दादाचं, म्हंजे वडलांचं, काठाला रान, हिवाळ्यात हरभरा, आन् हरभऱ्यावर करकोचे यायचे. राखी अंग, काळी मान, डोळ्याच्या मागं पांढरा तुरा, कुठल्या कुठल्या थंड मुलखातून डोंगर वलांडून यायचे. लगीन होऊन त्या सेलूला आल्या. इथं कुठली गंगा? इथं रूळ, जिनिंग आन् कापसाच्या गाड्या. पण थंडीत कवातरी सकाळच्या पारी करकोच्यांची माळ सेलूवरून जायची, क्रूऽऽ क्रूऽऽ करत, आन् गौराबाई हातातलं धुणं तसंच टाकून गच्चीवर. माळ दिसंनाशी झाली तरी तितंच उभ्या, आन् पिळलेल्या लुगड्याचं पाणी पायावर टिपटिप.

लग्नाच्या पहिल्याच साली म्हणल्या व्हत्या, "आवो, येकदा गंगेवर जाऊन पाहून यावं वाटतंय."

"जाऊ की!" अप्पा म्हणला.

मनापासून म्हणला बरं का, टाळायचं म्हणून न्हाई! पण तुमीच बघा, ती पाखरं येणार दिवाळी सरली की, आन् लगीनसराई लागणार तुळशीचं लगीन झालं की. पाखरं जाणार होळीच्या अलीकडं, आन् सराईला दम पडणार... पडतच न्हाई! "आगं, बस्त्याचं गिऱ्हाईक दारात बसवून मी पाखरं मोजत बसू का? म्होरल्या साली जाऊ. नक्की जाऊ." पोरगा झाला, जाऊ की. पोरगा शाळेत गेला, जाऊ की. पोराचं, सोमेश्वरचं लगीन झालं, त्याचा बस्ता तर घरच्याच दुकानातला, तवाबी जाऊ की! पाखरं बिचारी वर्साला हजारो कोस येऊन परत गेली, आन् ह्याला सेलूहून गंगेवर जायला जमंना. आता काय म्हणावं!

मग औंदा... म्हंजे गेल्या थंडीत, काय झालं, फाल्गुन लागायच्या बेतात, दुपारी अप्पा जेवायला बसला. भाकरी मोडता मोडता कुण्या पाहुण्याचं गाऱ्हाणं सांगायलाय, आन् गौराबाई ताटात वरण वाढता वाढता, आवाज न चढवता, म्हणल्या, "उद्या मी गंगेवर जायलेय. ते पाखरांचं अभयारण्य केलंय म्हणं ना, तितं. योगीराजला जीप सांगितलीय. तुमी येत आसाल तर या."

अप्पाचा घास हातातच. पहिल्यांदा! जिंदगीत पहिल्यांदा तो गप बसला, आन् किती वेळ? वरण भाकरीत मुरंपर्यंत. आन् मग जो उसळला! "आगं मी हाय ना! योगीराजला काय कळतंय? तू कायबी करू नको, सगळं मी करतो! अशी ट्रीप काढतो, अशी काढतो, की तू नाव काढशील!"

गौराबाई म्हणल्या, "मला ट्रीप नको व्हती..."

"ट्रीप! ट्रिपवरून आठवलं, माणिकरावाला घिऊ!"

घ्या! आता हा माणिकराव कोण, तर अप्पाचा दोस्त, मोठा जमीनदार, पाखरांशी त्याचा संबंध एवढाच की त्याच्यापाशी दुर्बीण हाय. आन् दुर्बिणीसंगं माणिकराव घ्यावा लागतो, नुसती दुर्बीण तो देत न्हाई. मग सून म्हणली, "मामा, मीबी येते." शिवरंजनीला फोटो काढायचे व्हते. म्हंजे गौराबाईंनी मनात धरलं व्हतं, आपण, झालं तर आपला नवरा, आन् गप नदी. आन् सकाळी जीपमधी बघतेत तर माणिकराव, माणिकरावाची दुर्बीण, लोड, डबे, धपाट्याची थप्पी, ठेच्याची बरणी, आन् गुलाबी साडी नेसलेली सून! गौराबाई खिडकीपाशी बसल्या. लुगड्याचा पदर नीट केला, गळ्यातलं इष्टलिंग आत सारलं, आन् बाहीर बघायला लागल्या.

योगीराज डायव्हर सांगायलाय, "अप्पा, तांबडं फुटायच्या आत निघायला पायजे, पाखरं सकाळी छान दिसतेत." पण अप्पाला गल्लीत प्रत्येक दारात सांगायचं व्हतं ना! "चाललो, गंगेवर, पाखरं बघायला, आमच्या हिला लय नाद, मी म्हणलं चल, तुझी हौस पुरी करतो..." बघा हां, 'मी म्हणलं चल'! सूर्य कासराभर वर आला तरी हा गल्लीतच. परभणीत आले तर म्हणला, "इतक्या जवळ आलोय तर घाऊक दुकानदाराला तोंड दाखवून येतो." तोंड दाखवायला गेला तो तोंड उघडूनच बसला. पोखर्णीला आलं की माणिकराव म्हणला, नृसिंहाचं दर्शन घेतल्याबिगर म्होरं जायचं न्हाई. अप्पा म्हणला, "आमी महादेवाचे, पण देवाशी काय दुश्मनी हाय का, चला!" आन् दर्शन झाल्यावर नारळवाल्याशी, फुलवाल्याशी, चपला सांभाळणाऱ्या बाईशी... तिच्या जावयाचं गाव निघालं वळखीचं, झालं!

गौराबाई जीपमधून येकदाच म्हणल्या, "ऊन कलायलंय."

"कलू दे की! पाखरं काय हापिसातली हायत का, पाचला सुटायला!" आन् स्वतःच हसला. गप बसंल तर तो मन्मथअप्पा कसला!

पोचले येकदाचे. तितं फाटकापाशी एक छपरी, छपरीत कडूबाई म्हणून गावातलीच एक बाई राखणीला. रापलेली, काटक, आवाज म्हणाल तर मोंढ्यात लिलाव पुकारावा आसा, पण तिथल्या शिस्तीनं कुजबुजत बोलायची. तिनं ह्या वरातीकडं पाहिलं, वरून खाली, खालून वर. म्हणली, "ती वाजायची डबी इथं ठिवा. चपला फटफट वाजवू नका. आन् मालक, तुमी... जरा हळू बोला." अप्पानं तोंड उघडून पहिलं वाक्य पुरं करायच्या आत तिनं वळखलं, बघा!

"हायत का पाखरं?" गौराबाईंनी इचारलं.

"हायत की माय. पण दोन-चार दिसांचेच पाहुणे. ऊन तापाय लागलं, आता उठतेत आन् जातेत आपल्या मुलखाला. बरं झालं आलात."

गौराबाई पायतणं काढून हातात घेऊन निघाल्याच. पण न्हाई! आधी जेवण! अप्पा म्हणला, रित्या पोटी पाखरं गोड लागत न्हाईत... जसं काय खायचीच व्हती! सतरंजी पडली, धपाटे निघाले. माणिकराव जेवला आन् लोड डोक्याखाली घेऊन, दुर्बीण छातीवर ठिवून, झोपला! ज्या दुर्बिणीसाठी त्याला आणला ती दुर्बीण त्याच्या घोरण्यासंगं वरखाली, वरखाली. शिवरंजनी बाभळीला टेकून फोटो काढायलीय. आन् गौराबाई उष्टी आवरून, हात पुसून, कुणाला न सांगता बांधाच्या वाटंनं चालू लागल्या.

अप्पानं पाहिलं. आन् तुमाला सांगतो, इथं त्याला काय वाटलं हे त्यानंच नंतर सांगितलं... तसं तर त्यानं आख्ख्या सेलूला सांगितलंय म्हणा... त्याला वाटलं, ही अशी हातात पायतण घेऊन चालायलीय, हे चालणं आपण कवा पाहिलंच न्हाई. घरात ती अशी चालत न्हाई. हलकी, पोरीवानी. हा मुकाट मागं गेला. व्हय, मुकाट!

काठाला लव्हाळं व्हतं, एक सपाट दगड व्हता. गौराबाई दगडावर बसल्या, हा शेजारी बसला. समोर गंगा, पाणी वसरलेलं, मधी वाळूचं बेट, आन् बेटावर... आवो काय सांगू! करकोचेच करकोचे! जणू कुणी राखी रंगाची लुगडी वाळत घातलीत. कोण एका पायावर, कोण पंख चाळवायलंय, कोण नुसतंच पाण्यात आपलं तोंड बघायलंय. मधूनच एक बारीक क्रूऽऽ, आन् त्याला दुसऱ्यानं दिलेलं उत्तर. किती साफ उत्तर! एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा बोलायचा. पण हे काय अप्पाच्या ध्यानात यायचं न्हाई.

गौराबाई बघायल्यात. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आन् मग, कुणी न इचारता, पाण्याकडंच बघत, बोलायला लागल्या.

"आवो... मी आसंन बारा-तेरा वर्साची. दादानं मला हरभऱ्याच्या राखणीला ठिवलं व्हतं. हातात गोफण. करकोचे आले की हाकलायचं. पण मला हाकलू वाटायचं न्हाई. मी आपली गोफण मांडीवर ठिवून..." आन् हसल्या! अप्पा बघतच राहिला. आवाज असा, की दुकानात एवढ्या बायका आल्या-गेल्या पण असा आवाज त्यानं ऐकला न्हाई. "...आन् एक दिस काय झालं, मी बांधावर बसलेली, धुकं पडलेलं, आन् त्यातला एक करकोचा सरळ माझ्याकडं..."

आता तुमी म्हणाल, इथंबी अप्पानं शब्द झेलला, 'धुक्यावरून आठवलं' म्हणला! न्हाई हो. तसं केलं आसतं तर परवडलं आसतं, ती तर सवय व्हती. ह्यानं केलं ते प्रेमानं केलं, हेच तर वाईट! त्यानं पाहिलं, गौराबाई डोळे बारीक करून बघायल्यात. त्याच्या मनात आलं, हिला दिसंना. वय झालं, डोळ्याला पडदा आलाय, पाखरं तिकडं लांब बेटावर, दुर्बीण त्या घोरणाऱ्याच्या छातीवर. इतक्या वर्सांनी आणलं आन् बायकोला धड दिसंनाबी!  म्हणला, ही पाखरं उडून डोक्यावरून गेली तर हिला जवळून दिसतील!

"थांब थांब! तुला जवळून दावतो!" असं म्हणला, ताडकन उठला, आन् दोनी हातांनी टाळी वाजवून, साड्यांच्या दुकानात कमावलेल्या त्या नरड्यानं, "हाऽऽऽ! हुर्रऽऽऽ! हाऽऽऽ!"

झालं.

आख्खं बेट उठलं. आवाज असा झाला जसं एकदम हजार नव्या साड्या कुणी झटकल्या. पाणी हाललं, लव्हाळं हाललं, क्रूऽ क्रूऽ क्रूऽ करत ढगच्या ढग वर चढला, सावली दोघांच्या अंगावरून गेली... आन् अप्पा नाचायलाय! "बघ! बघ कशी! आगं वर बघ! दिसली का? तुरा दिसला का?" छाती फुगवून त्यानं बायकोकडं पाहिलं. शाबासकी पायजे ना!

गौराबाई वर बघतच नव्हत्या. त्या बघायलत्या समोर. रित्या बेटावर. तोंड अजून तसंच उघडं, गोष्टीतला म्होरला शब्द ओठावर आलेला. मग ते तोंड हळूच मिटलं. हातातला पदर सोडला. बस्स. एवढंच झालं. अप्पा म्हणतो, "त्या मिटलेल्या तोंडाचा आवाज मला टाळीपेक्षा मोठा ऐकू आला." आता म्हणतो! तवा मातर शेवटचा करकोचा उत्तरंला ठिपका झाला तरी हात वर करूनच उभा व्हता.

कडूबाई पळत आली. आता कुजबुज संपली, लिलावाचा आवाज बाहीर पडला! "आवो मालक! काय अक्कल-बिक्कल! रोज सांजच्याला उतरतेत ती हितं, तुमी उठवली! आता पुन्हा येतेत का न्हाई कुणास ठावं! काय गरज व्हती ओ?" माणिकराव जागा झाला, दुर्बीण डोळ्याला लावून म्हणला, "कुठंयत? कुठंयत?" आन् शिवरंजनी हळहळायलीय, "मामा, सांगायचं तरी, व्हिडिओ घेतला आसता!"

अप्पा लगालगा काठानं वरच्या अंगाला गेला. तिकडं उतरली आसतील, हाक मारून... काय हाक मारणार? 'या, बसा, शरणार्थ' म्हणणार? धोतराला काटे लागले, चप्पल गाळात गेली. दिस बुडंपर्यंत हिंडून परत आला तर गौराबाई छपरीत कडूबाईपाशी बसलेल्या. बेट तसंच रितं. कुणीबी उतरलं न्हाई. जीप निघाली.

आन् परतीच्या वाटंला, तुमाला सांगतो, मन्मथअप्पा गप! पोखर्णी गेलं, गप. परभणी आलं, गप. योगीराजनं आरशातून बघून इचारलं, "अप्पा, ताप-बीप आला का?" माणिकरावानं कपाळाला हात लावून पाहिला. सेलूच्या अलीकडं कुठंतरी अप्पानं आवाज बारीक करून इचारलं, "गौरा... तो करकोचा सरळ तुझ्याकडं... मग? म्होरं काय झालं?"

"काय न्हाई. आसंच."

"आगं आसंच कसं? सांग की!"

"राहू द्या आता."

रागानं न्हाई हो! रागानं म्हणल्या आसत्या तर ह्यानं मनवलं आसतं, गिऱ्हाइकाला मनवायचा धंदाच हाय त्याचा. दुसऱ्या दिशी चहा पिता पिता इचारलं. तिसऱ्या दिशी पूजेच्या आधी. पिवळीजर्द इरकल आणून पुढ्यात ठिवली आन् इचारलं. गौराबाईंनी इरकल हाताळून पाहिली, "पोत चांगला हाय" म्हणल्या, आन् शेवटी येकदा त्याच्या डोळ्यात बघून, मायेनं, म्हणल्या, "आवो, मी रागावले न्हाई. पण आता न्हाई सांगावं वाटत. तुमी जीवाला लावून घिऊ नका."

आता लावून न घिऊन कसं चालंल! दुकानात गिऱ्हाईक आलं की हा साडी उलगडायच्या आधी इचारायचा, "ताई, समजा धुकं पडलंय, आन् एक करकोचा सरळ तुमच्याकडं आला... तर म्होरं काय झालं आसंल?" नवरीची माय हिरवा शालू मागायलीय आन् हा करकोच्यात! एक म्हणली, चोच मारली आसंल. एक म्हणली, मांडीवर बसला आसंल. एक म्हातारी म्हणली, "बापानं पाहिलं आसंल आन् पोरीला धोपाटलं आसंल, दुसरं काय व्हतंय पोरींचं!" त्या दिशी अप्पा जेवला न्हाई. आन् माणिकरावानं तर कहर केला. मिशीला पीळ देत म्हणला, "आरं लेका, करकोचा कसला घिऊन बसलास? कुणी पोरगं-बिरगं आसंल शेजारच्या रानातलं!" झालं! म्होरले आठ दिस अप्पा सासुरवाडीच्या शेजारच्या रानवाल्याचं नाव आठवायलाय. सापडलं. तर तो गौराबाईंच्या बापापेक्षा मोठा, आन् कवाच वारलेला. तरीबी गड्याच्या जीवाला घोर!

शेवटी राहवलं न्हाई. उन्हाळ्यात, गंगेत पाणी नावाला, पाखरू म्हणाल तर एक बगळा, अशात हा दुकान सोमेश्वरवर टाकून एकटाच यष्टीनं गेला कडूबाईकडं. त्याला आठवलं ना, त्या दिशी गौराबाई छपरीत बसल्या व्हत्या!

"बाई, आमच्या हिनं तुमाला कायतरी सांगितलं व्हतं का ओ? करकोच्याचं?"

कडूबाईचं तोंड असं फुललं! "तर! समदं सांगितलं की! आवो काय सांगत्यात तुमच्या मालकीणबाई! धुकं म्हणल्या की धुकंच आणतेत डोळ्यापुढं! हसून हसून माझं पोट दुखलं, आन् शेवटाला असं रडू आलं... लय बोलक्या हायत ओ! घरात तुमाला दुसऱ्या करमणुकीची गरजच न्हाई!"

बोलक्या! ऐकलंत का? गौराबाई, बोलक्या! अप्पा म्हणला, मी जिच्या हातचं जिंदगीभर जेवलो, ती बाई बोलकी हाय हे मला नदीवरची राखणदारीण सांगायलीय!

"काय सांगितलं? काय झालं व्हतं?"

कडूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्या बाईला दया आली आसंल, पण पाघळली न्हाई. म्हणली, "मालक, ते त्यांचं हाय. त्यांनी सांगावं. मी सांगितलं तर त्याला ती गोडी न्हाई, आन् मला तो हक न्हाई."

आता तुमी माझ्याकडं काय बघता? मला काय ठावं म्होरं काय झालं ते! अप्पालाच ठावं न्हाई तर मला कुठलं!

पण एक झालं. ह्या थंडीत पाखरं आली, सेलूवरून माळ गेली, गौराबाई गच्चीवर गेल्या, आन् अप्पानं... भर सराईत, तीन बस्ते दारात बसलेले... दुकानातून उठून वर जाऊन एवढंच म्हणलं, "उद्या जायचं? दोघंच." गौराबाईंनी मान हालवली. जीप न्हाई, लोड न्हाई, माणिकराव न्हाई. यष्टीनं, पिशवीत भाकरी. गल्लीत कुणाला सांगितलं न्हाई. फाटकापाशी कडूबाई आन् गौराबाई हातात हात घिऊन कुजबुजायला लागल्या तर हा आपणहून लांब जाऊन बाभळीकडं बघत उभा राहिला. तोच दगड. हा तोंडावर दस्ती धरून बसला, न जाणो, खोकला आला तर! सकाळ गेली. दुपार गेली. बेटावर करकोचे उतरले. ह्याच्या पोटात बोलणं असं खदखदायलंय, गळ्याशी यायलंय, हा गिळायलाय. मनात एकच, ही आता बोलंल. मी गप हाय, पाखरं हायत, आता बोलंल. ऊन कललं. गौराबाई नुसत्या बघायल्यात. डोळ्यात पाणी न्हाई, हसू न्हाई, निवांत.

आन् मग पाण्यावरची नजर न काढता म्हणल्या, "आवो, बोला की कायतरी. लय सुनंसुनं लागायलंय."

बोला! जो माणूस मयतीत बोलला, झोपेत बोलला, त्याला एक शब्द सापडंना हो! सापडणार कुठून? मनात व्हता एकच सवाल, आन् तो न इचारायची महादेवाची आण घेतलेली. शेवटी दस्ती काढून, घसा खाकरून, कुजबुजत म्हणला, "औंदा कमी आलेत, न्हाई?"

"व्हय," गौराबाई म्हणल्या. "आन् लांब बसलेत."

बस्स. यष्टीची येळ झाली, उठले, आले. घरी शिवरंजनी वाटच बघायलती. हळूच सासऱ्याला बाजूला घिऊन इचारलं, "मामा, काय बोलणं झालं का मग?"

अप्पा चप्पल काढत म्हणला, "झालं की. एक वाक्य माझं, एक तिचं... आन् तिचं पुरं झालं, बरं का!"